कणसरीच्या शिडातला कच्चा टाका

मैनाबाईंना पोहता येत नव्हतं. होडीत त्या आयुष्यात एकदाच बसल्या होत्या, तेही ओहोटीला, होडी वाळूवर कलंडलेली असताना, फोटो काढण्यापुरत्या. माहेर माण तालुक्यातलं. तिथं पाणी म्हणजे हंडा घेऊन टँकरमागे धावायची गोष्ट. पण तारापूरच्या खाडीच्या तोंडाशी दर हंगामात ज्या सहा शिडाच्या होड्या शर्यतीला उतरत, त्या सहाही होड्यांची शिडं मैनाबाईंच्या मशीनवरून गेलेली असत.

नवरा एमआयडीसीतल्या एका कापड गिरणीत होता. त्याच्यामागे त्या बोईसरला आल्या, आणि गिरणी बंद पडून वर्षभरात तोही गेला तेव्हा शिवणाचं मशीनच काय ते मागे राहिलं. त्यावर त्यांनी एक मुलगी शिकवली, तिचं लग्न केलं. नवापूर रस्त्याच्या एका गल्लीत दुकान आहे. पाटीवर ‘लेडीज टेलर व स्कूल युनिफॉर्म’. मे-जूनमध्ये गल्लीत उभं राहायला जागा नसते. प्रत्येक आई मुलाला पुढे ढकलून एकच वाक्य बोलते, “वर्षभरात वाढेल हो मावशी, जरा ठेवून शिवा.” आणि मैनाबाई ठेवून शिवतात. फ्रॉकच्या खाली चार बोटांची दुमड, बाजूच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड, वरून कच्चा टाका. पुढच्या जूनला तीच आई तोच फ्रॉक घेऊन येते. पाच मिनिटांत टाका उसवायचा, इस्त्री फिरवायची, झाला नवा.

शिडांचं काम कसं आलं ते सगळ्या क्लबाला पाठ आहे. दिग्विजय सर प्लँटमधून निवृत्त झालेले. त्यांनी खाडीकाठी पत्र्याची शेड टाकून ‘यॉट क्लब’ अशी पाटी लावली, तेव्हा मच्छीमारांनी त्याला ‘हवा खाणारांचा क्लब’ असं नाव ठेवलं होतं. सरांच्या मिसेसचे ब्लाउज मैनाबाईंकडे असायचे. एकदा शर्यतीच्या आदल्या दिवशी शीड फाटलं म्हणून सर ते स्कूटरवर लादून दुकानात आले. मैनाबाईंनी ते गल्लीत अंथरलं, भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “ह्याला टक्स कुठायत?”

सरांना कळेना.

“ब्लाउज सपाट शिवला तर अंगावर बसंल का? मग वारा सपाट कापडात कसा बसंल? त्याला पोट पायजे.”

ताडपत्रीवाल्यानं शीड सतरंजीसारखं सरळ जोडलेलं होतं. मैनाबाईंनी पट्ट्या उसवल्या, कडा किंचित गोलावा देऊन कापल्या, पुन्हा जोडल्या. ती होडी त्या आठवड्यात पहिली आली, आणि पुढच्या आठवड्यात बाकीचे मालक आपापली शिडं खांद्यावर टाकून गल्लीत हजर.

तेव्हापासून क्लबात पद्धतच पडली. सगळी शिडं एकाच हाताची, म्हणजे भांडण नको. आणि मापही त्याच हातानं. दसऱ्याच्या आदल्या रविवारी शाळेच्या पटांगणावर शिडं अंथरायची. मैनाबाई चपला काढून, पाय धुऊन, बांबूची मापाची काठी घेऊन शिडावरून चालत जायच्या. होडी जितकी लांब तितकं शीड, असा नियम. माप बरोबर भरलं की शिडाच्या कोपऱ्यात त्या लाल दोऱ्यानं एक फुली घालायच्या. फुली पडली की हंगामभर तक्रार संपली. अकरा वर्षांत त्यांच्या मागून कुणी काठी लावली नव्हती. ज्या बाईला गल्लीत ‘ए मावशी’ म्हणून हाक मारतात, तिच्यासाठी पटांगणावर साहेब लोक बाजूला सरकून वाट देत. मैनाबाई हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण त्या रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसत.

सहावी होडी जिव्याची. जिव्या मासवणकडच्या पाड्यावरचा. पावसावर पिकेल तेवढा भाताचा तुकडा, आणि भात झाला की मच्छीमार बोटींवर खलाशी. क्लबात तो आला होड्या रंगवायला. अक्षर मोत्यासारखं, आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेला, म्हणून शेडमधल्या फळ्यावर दर वर्षी विजेत्यांची नावं घालायचं कामही त्याच्याकडेच. शेडमागे एक जुनी, सगळ्यांत आखूड होडी पालथी पडलेली होती, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. दोन वर्षांपूर्वी सर त्याला म्हणाले, तुला जमत असेल तर घे ही. जिव्यानं आणि त्याच्या मेहुण्यानं, अंकुशनं, ती महिनाभर राबून उभी केली. नाव घातलं ‘कणसरी’.

“कौन है ये कणसरी? गर्लफ्रेंड?” मेहुलनं विचारलं होतं. मेहुल केमिकलच्या गोदामवाल्यांचा मुलगा. त्याची ‘विंड क्वीन’ फायबरची, चकचकीत, आणि सलग तीन हंगाम पहिली.

“आमची भाताची देवी हाय,” जिव्या ब्रश न थांबवता म्हणाला. “हसू नको. ती रुसली तर ताटात काय नाय पडत.”

गेला हंगाम सुरू व्हायच्या आधी सरांनी जाहीर केलं की क्लबाला एक नवी लांब होडी मिळाली आहे, आणि जो हंगाम जिंकेल त्याच्या ताब्यात ती पुढचं वर्षभर राहील. जिव्या त्या होडीभोवती दोनदा फिरला. तिसऱ्यांदा फिरताना त्यानं तिच्या कडेवरून हात फिरवला. मैनाबाईंनी ते पाहिलं. त्यांना जूनमध्ये दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहणारी पोरं माहीत होती.

म्हणून सप्टेंबरात कणसरीचं शीड बेततानाच त्यांच्या मनानं घेतलं की हा माणूस पुढल्या वर्षी मोठ्या होडीत जाणार. शिडाचं कापड महाग, दर वर्षी नवं कुठून आणेल? त्यांनी शीड नव्या होडीच्या मापाचं बेतलं. पक्की दुहेरी शिवण घातली, आणि मग चार ठिकाणी दुमडी घालून ते आजच्या होडीच्या मापाला आणलं. दुमडींवर कच्चा टाका, लांब घराचा, एकेरी दोऱ्याचा. उसवताना कापडाला इजा नको. नियमात हे बसतं की नाही असा विचारही त्यांच्या डोक्यात आला नाही, कारण तो डोक्याचा निर्णय नव्हताच. हाताला लागलेली सवय होती. जिव्याला त्यांनी सांगितलंसुद्धा, पुढच्या दसऱ्याला घेऊन ये, बसल्या बसल्या मोकळं करून देते. जिव्या हसला. पटांगणावर माप बरोबर भरलं. मैनाबाईंनी लाल फुली घातली.

हंगाम सात शर्यतींचा. सहा झाल्या तेव्हा विंड क्वीन आणि कणसरी बरोबरीत होत्या, आणि क्लबात पहिल्यांदाच असं झालं की कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन शर्यत बघायला बंधाऱ्यावर आले. मासवणकडून एक टेम्पो भरून माणसं आली. जिव्याची बायको भागी त्यांत होती, सात वर्षांच्या लेकीला, सपनाला, हाताशी धरून.

होळीच्या आधीचा शनिवार. दुपारचा खारा वारा त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात सुटला. मैनाबाई छत्री धरून बंधाऱ्यावर बसल्या होत्या, छत्री दोनदा उलटी झाली. पाण्यात निळी पिंपं नांगरलेली, त्यांना वळसा घालून तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला कणसरी चौथी होती. लांबच्या पिंपाशी वळताना तिचं शीड एकदा थरथरलं, आणि मग काय झालं कोण जाणे, ते असं फुगलं की होडी पाण्यावरून ओढून नेल्यासारखी निघाली. तिसऱ्या फेरीला तिनं एकामागून एक तिघांना मागे टाकलं. विंड क्वीनला शेवटच्या पिंपाशी. बंधाऱ्यावर माणसं नाचत होती. भागी नाचत नव्हती, तिनं पदर तोंडात धरला होता.

मेहुल किनाऱ्याला लागला तो ओलाच सरांकडे गेला आणि म्हणाला, “सर, शीड नापो.”

लोक हसले. हरलेला माणूस काहीतरी बोलणारच. पण नियम म्हणजे नियम. वाळूवर शीड अंथरलं. मैनाबाईंनी पाय धुतले, काठी घेतली. पहिल्यांदा मोजलं तेव्हा त्यांना वाटलं काठी घसरली. दुसऱ्यांदा मोजलं. मागची कड वीतभर जादा होती.

त्या गुडघ्यावर बसल्या. चार दुमडींपैकी दोन उघडल्या होत्या. भोकांतून दोऱ्याची टोकं लोंबत होती. मैनाबाईंनी एक टोक चिमटीत धरलं. ब्लेडनं कापलेल्या दोऱ्याचं टोक सरळ असतं. ताणून तुटलेल्याचं पिंजारतं. हे टोक पिंजारलेलं होतं, सगळीच पिंजारलेली होती. एकेरी दोऱ्याचा लांब टाका, आणि आजचा वारा. फ्रॉकला असला वारा लागत नाही.

शेडमध्ये सगळे जमले. जिव्या दाराशी उभा राहिला, अंगातून पाणी गळत. सरांनी आवाज न चढवता विचारायला सुरुवात केली. ते भले गृहस्थ आहेत, ते कधी कुणाला टाकून बोलले नाहीत.

“मैनाबाई, या शिडात जादा कापड होतं?”

“होय.”

“पुढच्या वर्षासाठी. तुमची पद्धतच आहे ती, युनिफॉर्मसारखी.”

“होय.”

“आणि तुम्ही मापलं तेव्हा दुमडी शिवलेल्या होत्या?”

“होय साहेब, शिवलेल्या होत्या.”

“बघा,” सर बाकीच्यांकडे वळून म्हणाले, “मैनाबाईंच्या मापाबद्दल आणि हाताबद्दल या क्लबात कधी शंका नव्हती, आजही नाही. त्यांनी शिवून, मोजून दिलं. नंतर ते कुणीतरी उसवलं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. वैभवी नावाची चिटणीस मुलगी तर मैनाबाईंसाठी खुर्ची घेऊन आली. मैनाबाई बसल्या. तीन वेळा त्या ‘होय’ म्हणाल्या होत्या आणि तिन्ही खरी होती. चौथी गोष्ट कुणी विचारलीच नव्हती, आणि ती आपण होऊन सांगायची तर एवढ्या सगळ्या हलत्या मानांसमोर सांगायची, की तुमची शंका नसलेला हात कच्चा टाका घालून बसला. त्यांनी मांडीवरच्या काठीकडे पाहिलं. अजून एक क्षण, मग सांगू, असं त्यांना वाटलं. तो क्षण गेला. मग दुसरा.

“जिव्या, तू उसवलंस?” सरांनी विचारलं.

“नाय.”

“अंकुशनं?”

“नाय.”

“मग कसं उघडलं?”

जिव्यानं मैनाबाईंकडे पाहिलं. फार वेळ नाही. “मला नाय माहीत,” तो म्हणाला.

मेहुल एवढंच म्हणाला, “अपने आप तो नहीं खुलता ना, भाई.” त्यात चीडही नव्हती. मग चहा आला, सगळ्यांनी घेतला. टेम्पोतली माणसं बाहेर ताटकळत होती, त्यांना आत काय निर्णय झाला ते भागीनं सांगितलं. कणसरीचे हंगामभराचे सगळे गुण रद्द. करंडक विंड क्वीनला. नवी होडीही.

त्यानंतर आठ दिवसांनी जिव्या क्लबात आला. रंगाचा डबा उघडला, फळ्यावर चढला, आणि मेहुलचं नाव त्याच मोत्यासारख्या अक्षरात घालून, ब्रश धुऊन, जागच्या जागी ठेवून निघून गेला. ही गोष्ट मैनाबाईंना वैभवीनं ब्लाउजचं माप देता देता सांगितली, किती समजूतदार माणूस आहे बघा, असं म्हणून. मैनाबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे काही बोलायची वेळ आली नाही.

मुलीला, प्रतीक्षाला, त्यांनी फोनवर सांगितलं. प्रतीक्षा कोळगावला कलेक्टर ऑफिसात कारकून आहे, तिला निकाल लागलेल्या प्रकरणांचा अनुभव. ती म्हणाली, आई, आता बोलून कुणाचं भलं होणार आहे? मैनाबाई म्हणाल्या, भल्याचं नव्हं गं. पण मग कशाचं, ते त्यांना सांगता येईना. त्या मशीनवर बसत आणि पक्का टाका घालायच्या जागी तीन-तीन वेळा फिरवत. एका बाईनं ब्लाउज परत आणला, मावशी, हा उसवायचा म्हटला तर कापडच फाटेल हो.

एप्रिलमध्ये पुढच्या हंगामाची बैठक होती. मैनाबाईंना बैठकीला कधी बोलावत नसत. या वेळी वैभवीचा फोन आला, नक्की या, आणि साडी जरा चांगली नेसा. त्यांनी ठरवलं, आज सांगायचंच. वाक्य त्यांनी रिक्षात घोकलं.

बैठकीत आधी तारखा झाल्या. भरतीच्या वेळा पाहून सातऐवजी आठ शर्यती. सगळ्यांना लाइफ जॅकेट सक्तीचं. मग सर म्हणाले की झाल्या प्रकारावरून शिकून क्लबानं यापुढे मुंबईहून तयार शिडं मागवायची ठरवलं आहे, कारखान्यात मोजलेली, नंबर छापलेली. आणि म्हणून आज मैनाबाईंच्या अकरा वर्षांच्या सेवेबद्दल त्यांचा छोटासा सत्कार. टाळ्या. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. दोन शब्द बोला, असं कुणीतरी म्हणालं.

मैनाबाई नारळ धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. घोकलेलं वाक्य आठवलं नाही, पण सांगितलं सगळं. कच्चा टाका, एकेरी दोरा, पिंजारलेली टोकं. “जिव्यानं काही केलं न्हाई. वाऱ्यानं उसवलं. माझ्यामुळं उसवलं. मला तिथंच कळलं होतं.”

सरांनी चष्मा काढला.

“मैनाबाई, हे त्या दिवशी सांगायला हवं होतंत.”

“होय.”

“करंडक दिला. पेपरात फोटो आला. आता मी काय करू?” ते थांबले, आणि मग ज्याची मैनाबाईंना सगळ्यांत जास्त भीती होती तेच हळू आवाजात म्हणाले, “आणि बाकीच्या पाच शिडांत तुम्ही काय काय ठेवलं होतंत?”

“काही न्हाई साहेब.”

“हे मी आता कशावरून मानू?”

“जाऊ द्या ना सर,” मेहुल म्हणाला. तो मनापासून म्हणत होता. “मावशीचं वय झालंय. जिव्यासाठी जीव तुटतो त्यांचा, म्हणून स्वतःवर घेतायत.”

पुन्हा माना हलल्या. मैनाबाई म्हणाल्या, स्वतःवर घेत न्हाई, आहेच ते माझ्यावर. पण तोवर वैभवीनं त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं होतं आणि पाणी आणलं होतं. जिव्याचं नाव परत लावा, त्या खुर्चीतून म्हणाल्या. सर म्हणाले, नोंद घेतो. वैभवीच्या वहीत शेजारून डोकावलं तेव्हा त्यांना दिसलं, तिथं लिहिलं होतं, ‘श्रीमती मैनाबाईंनी सत्काराला भावपूर्ण उत्तर दिले.’ निघताना कुणीतरी म्हणालं, तो जिव्या फिरकलेला नाही महिनाभर, भेटला तर सांगा, होड्यांचं रंगकाम आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्या मासवणला गेल्या. पालघरला गाडी बदलून, पुढे टमटम, मग तापलेल्या पायवाटेनं अर्धा तास. दहा-बारा घरांचा पाडा. अंगणात, ओट्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोडूस वास. भागीनं त्यांना ओळखलं, तांब्या भरून दिला आणि आत गेली. जिव्या कुडाची भिंत लिंपत होता. कोपरापर्यंत शेणमाती. तो उठला नाही, पण हात थांबवला.

मैनाबाईंनी उभ्यानंच सांगितलं. क्लबात सांगितलं तसंच, आणि क्लबानं काय केलं तेही.

“मला माहीत हाय,” जिव्या म्हणाला.

“काय माहीत?”

“टाका तुटला त्याचा. दुसऱ्या फेरीला, लांबच्या पिंपाकडं. टर्र झालं न कापड मोकळं झालं. अंकुश म्हणला, शीड फाटलं. मी म्हणलं, फाटलं नाय, मावशीचा टाका गेला.”

मैनाबाई खाली बसल्या. ओट्यावर मोहाची फुलं होती, ती बाजूला सारायचं भान राहिलं नाही. “मग तिथं बोलला का न्हाईस रे?”

जिव्यानं हातावरची माती निपटली.

“मी बोललो असतो तर कोणी ऐकलं असतं? म्हणले असते, सापडला न म्हातारीवर ढकलतोय. तुमी बोलला असता तर ऐकलं असतं. म्हणून मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं.” त्याचा आवाज साधा होता, मोटर बंद का पडली ते सांगावं तसा. “मला वाटलं, आता बोलतील. चहा आला तेव्हा वाटलं, चहा झाल्यावर बोलतील.”

आतून भागी म्हणाली, “पोरीला शाळेत चोराची पोर म्हणतात, ते पण सांग.” जिव्यानं सांगितलं नाही. ते सांगून झालंच होतं.

मैनाबाईंनी पिशवीतून काहीतरी काढायला हात घातला आणि तसाच ठेवला. जे आणलं होतं, शेवेचं पुडकं, ते या घटकेला द्यायची वस्तू नव्हती. पुढच्या हंगामाला क्लबाची दारं बंद नाहीत, त्या म्हणाल्या, मी पुन्हा जाते सरांकडे, रोज जाते, तुझं नाव लिहून घ्यायला लावते.

“नका लिहू.”

“कणसरीचं काय?”

“होडी त्यांचीच हाय. ठेवून आलो शेडमागं.” तो पुन्हा भिंतीकडे वळला. “अंकुश वेरावळला गेला. मी पण भात लावून झालं का जाईन. आठ महिन्यांची बोट हाय.” त्यानं मूठभर माती कुडावर थापली, तळव्यानं सारखी केली. “तिथं शीड नसतं, मावशी. इंजिन असतं.”

मैनाबाईंना बोलायला आता सगळी मुभा होती आणि कुणी अडवतही नव्हतं. जिव्यानं एक भिंत संपवली आणि डबा उचलून तो दुसऱ्या बाजूला गेला. तिकडून त्याच्या थापण्याचा आवाज येत राहिला. भागी बाहेर आली, त्यांच्या खाली चुरडलेली मोहाची फुलं एकेक करून वेचू लागली, आणि म्हणाली, उन्हं कलायच्या आत निघा, नायतर टमटम नाय भेटणार.